पाण्याचा दिवा

नारायणगाव मागं टाकून बोरी बुद्रुकच्या रस्त्याला लागल्यावर चार-पाच किलोमीटरवर सयाजी सरांच्या नाकात पाक करपल्यासारखा गोडसर वास शिरला. आधी त्यांना वाटलं, जवळ कुठं गुऱ्हाळ चालू असेल. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ वर आली, वाऱ्यानं काचेवर आडवी झाली आणि तिच्यामागोमाग एकदम भपकारा आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले. तापमानाचा काटा पार तांबड्यात गेला होता. त्याच्या शेजारी पाण्याचा दिवा, म्हणजे इंजिनाच्या टाकीतलं पाणी कमी झालं की लागतो तो. तो आत्ता लागला होता की नव्हता, हे सांगता येत नव्हतं. कारण त्यावर सरांनीच पंधरा दिवसांपूर्वी काळी टेप चिकटवली होती. नीट, कात्रीनं चौकोनी कापून. आधी आयटीआयमध्ये आणि मग अवसरी खुर्दच्या कॉलेजात, मिळून बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये पोरांना बिघाड कसा शोधायचा हे शिकवलेल्या माणसानं! कोणी बघत नव्हतं म्हणून बरं.

पण बघत होते. रस्त्याच्या खालच्या अंगाला कांद्याची काढणी चालली होती आणि तिथून एक चाळिशीचा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळत वर येत होता. त्याच्या मागं, पाती कापायचा विळा हातातच घेऊन, एक म्हातारी. "पावणं, तापली का गाडी?" माणसानं विचारलं. संपत त्याचं नाव, रान त्याचंच, आणि ही त्याची आई झुंबरबाई, हे त्यानं न विचारता सांगून टाकलं. "पानी आनू का? ड्रम भरलेला हाय." सर खाली उतरले आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा त्यांनी ओढल्या. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या क्लिपा त्या, बाहेरूनच असतात, खट्, खट् असा आवाज करून सुटतात. "पाणी आणा, पण लगेच घालायचं नाही," सर म्हणाले, "गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल." "तुमी म्हनाल तसं," संपत म्हणाला आणि मायलेकरं पुन्हा कांद्यात जाऊन बसली. सर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत दगडावर टेकले.

पाऊण तास. माणसाला नुसतं बसायला दिलेला पाऊण तास लई वाईट असतो. सरांच्या खिशात फोन होता आणि फोन करावा अशी एकच जागा होती, आणि तिथं दुपारी फोन करायची त्यांची रीत नव्हती. सरांच्या पत्नी उज्ज्वलाबाई आरतीकडे, म्हणजे लेकीकडे, पुण्याला गेल्याला आज सव्वीस दिवस झाले होते. आरतीची पोर आठ महिन्यांची, आरतीची सुट्टी संपलेली, म्हणून "आठ दिवस जाऊन येते" असं म्हणून बाई निघाल्या. पिशवीत त्यांनी आपलं पोळपाट-लाटणं घेतलं होतं. सर म्हणाले, "तिथं पोळपाट नाही का?" तर म्हणाल्या, "माज्या हाताला हेच बसतं." आठ दिवसांसाठी कोणी पोळपाट नेतं का, हे सरांच्या मनात त्याच वेळी आलं होतं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं. रोज रात्री आठला फोन व्हायचा. जेवलात का, जेवलो. पोर कशी आहे, बरी आहे. दोन मिनिटांत आटपायचा. ती परत येणार आहे की नाही, हा एकच प्रश्न महाळुंगे पडवळच्या त्या तीन खोल्यांच्या घरात सव्वीस दिवस सरांबरोबर राहत होता, त्यांच्यासमोर ताटाला बसत होता, आणि तो सोडून सर बाकी सगळं तपासत होते. मुख्य म्हणजे हा दिवा.

दिवा दोन वर्षांपूर्वीचा. सर रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात तो लागायला लागला. मंचरच्या बाजारातून येताना, नाहीतर डिंभ्याकडे चढाला गाडी घातली की, तासाभरानं टुक करून तांबडा ठिपका उमटायचा. घरी यायचं, गाडी शेडमध्ये लावायची. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही हे तर पहिल्या दिवशीचं शिक्षण. टाकी जुनी, प्लास्टिक पिवळं पडून इतकं धुरकट झालेलं की बाहेरून पातळी दिसायची नाही. मग सकाळी चहा, आंघोळ, पेपर झाल्यावर आठ वाजता झाकण उघडून बघावं तर टाकी भरलेली. खुणेपर्यंत, अगदी व्यवस्थित! म्हणजे दिवा खोटा बोलतोय. म्हणजे बिघाड पाण्यात नाही, सांगणाऱ्यात आहे. सरांना त्या दिवशी जो आनंद झाला तो कबूल करायला हवा. रिटायर झालेली गावातली बाकीची माणसं पिंपळाखाली बसून दुसऱ्याच्या सुनांची मापं काढत होती. सरांकडे काम आलं होतं. त्यांनी नवी वही उघडली. डाव्या पानावर निरीक्षण, उजव्या पानावर अनुमान. टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तो बोटभर गोळा, काढून साफ केला. कनेक्टरच्या पिना पॉलिश पेपरनं घासल्या. अर्थिंगची वायर बदलली. पुण्याहून नवा सेन्सर मागवला. मीटर लावून वायर न् वायर मोजली, बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत. सगळं बरोबर यायचं. दिवा चार दिवस गप्प बसायचा आणि पाचव्या दिवशी चढावर पुन्हा डोळा उघडायचा. 'तापल्यावर वायर ताणते?' असं एका पानावर लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या होत्या.

जुने विद्यार्थी यायचे. सुनील नावाचा एक जण चाकणला कंपनीत होता, तो रविवारी मुद्दाम यायचा, दोघंतिघं गाडीच्या तोंडाशी उभे राहून डोकी आत घालायचे. अशाच एका रविवारी, अगदी सुरुवातीला, उज्ज्वलाबाई चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये आल्या आणि ट्रे टेकायला जागा शोधता शोधता म्हणाल्या, "टाकीतलं पाणीच कमी होत असंल. म्हणून लागत असंल दिवा." पोरं हसली. म्हणजे वाईट नाही हसली, काकू बोलल्या म्हणून हसली. आणि सर, वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देतं तेव्हा करायचे तसा चेहरा करून म्हणाले, "बघा, बत्तीस वर्षं आम्ही उगाच शिकवलं! अगं, टाकी रोज भरलेली असते. तुला काय कळतं त्यातलं?" सगळे पुन्हा हसले. बाईही हसल्या थोड्या. चहात साखर कमी होती का, एवढं विचारून आत गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी गाडीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही हे सरांना आज, या बाभळीखाली, पहिल्यांदा जाणवलं.

बाई गेल्यापासून दिवा चेकाळला होता. पहिल्या आठवड्यात तो चढावर लागायचा सोडून कळंबच्या अलीकडेच लागायला लागला. मग गावातच. मग चावी फिरवली की लागायचा तो विझायचाच नाही. सरांनी वहीत लिहिलं, 'दोष बळावला. बहुधा डॅशबोर्डच्या आत.' इतके दिवस रोज सकाळी आठला ते झाकण उघडून बघत असत, पण दोन वर्षं जी टाकी भरलेली दिसली ती आता काय बघायची? आणि खरं सांगायचं तर बाई गेल्यापासून सकाळ कशी ती मार्गी लागतच नव्हती. चहा कधी नऊला, कधी अकराला. तो तांबडा ठिपका मात्र एकट्यानं गाडी चालवताना सतत बघत राहायचा, आणि एके दिवशी त्यांना तो असह्य झाला. त्यांनी त्यावर टेप लावली. काल बोरीहून रामनाथचा फोन आला. रामनाथ त्यांच्याबरोबरच रिटायर झालेला, द्राक्षबागवाला. म्हणाला, "सयाजीराव, तुमच्याच मॉडेलची गाडी भंगारात आलीय इथं, डॅशबोर्ड शाबूत आहे, येऊन काढून न्या." सरांना रात्रभर नीट झोप आली नाही, इतका हुरूप आला. आता नवा डॅशबोर्ड बसवायचा, दिवा गप्प करायचा, आणि मग आठच्या फोनवर काहीतरी सांगण्यासारखं असणार होतं.

"झाली का थंड?" संपत पाण्याचा कॅन घेऊन आला. म्हातारीही आली, तिला कांदे कापण्यापेक्षा हे बरं वाटत असावं. सरांनी ओलं फडकं झाकणावर ठेवलं, अर्धा आटा फिरवला, थांबले, मग उघडलं. आत काही नव्हतं. पाण्याचा थेंब नव्हता. तळाला पांढरट चिखल होता आणि त्यात नवाकोरा फ्लोट आडवा पडला होता. सर त्याकडे बघत राहिले. फ्लोट खाली, म्हणजे दिवा चालू. बरोबर. त्याला जे सांगायचं होतं ते तो सांगत होता.

"आत ठनठनाट हाय की वो," संपत म्हणाला. तो पाणी ओतायला लागला. अर्धा कॅन गेला, पाऊण गेला. पाणी जातंय का बघायला सर वाकले तेव्हा टाकीचा जोड दिसला, खालच्या अंगाचा, आणि तिथून इंजिनापर्यंत ओघळाची एक पांढरी रेघ, खार धरलेली, जुनी. गार असताना तिथून काही येत नव्हतं. तापलं, दाब आला, की फट उघडत असणार, आणि गरम लोखंडावर पडलेलं पाणी तिथंच उडून जात असणार. खाली शेडमध्ये ओल तरी कशी दिसावी? "ही गळती आजची न्हाई," संपत म्हणाला, "वरीस-दोन वरसाची तरी हाय. पन मग गाडी चालली कशी इतकी? बिनपान्याची न्हाई चालायची."

"टाकी रोज भरलेली असायची," सर म्हणाले. आपला आवाज त्यांना वर्गातल्या मागच्या बाकावरून आल्यासारखा वाटला.

"मंग घरचं कोन तरी घालत आसंल की," झुंबरबाई म्हणाली. विळ्याची मूठ तिनं कमरेला टेकवली. "आमच्या हिरीवरच्या मोटरीला मीच घालते. पाइपाच्या बुडाचा वाल गळतो, रातीत पाइपातलं पानी उतरतं, मंग मोटर नुसतीच ओरडती. ह्यो उठायच्या आदी मी दोन बादल्या वतून ठिवते पाइपात. ह्याला वाटतं, काय गुनाची मोटर हाय, बटन दाबलं का पानी!"

"आये, खरं सांगती का काय?" संपत हातातला कॅन तसाच धरून उभा राहिला. "आन् सांगितलं न्हाईस ते?"

"तुला सांगून तू काय, वाल बदलनार व्हतास? दोन दिस भांडला आसतास."

संपत हसला, त्यानं सरांकडे बघितलं, आणि सर हसत नाहीत हे बघून कॅनचं झाकण लावायला लागला. "अजून लागलं तर सांगा," एवढं बोलून मायलेकरं खाली गेली. जाताना संपत आईला काहीतरी विचारत होता आणि म्हातारी हात उडवून उत्तर देत होती.

खट्, खट्. सरांना आता तो आवाज ऐकू आला. पहाटे साडेपाचच्या सुमाराला, झोपेच्या कडेवर, किती तरी वेळा. त्यांना वाटायचं न्हाणीघराची कडी आहे. दोन वर्षं त्यांनी तो आवाज ऐकला होता, कूस बदलली होती आणि पुन्हा झोपले होते, कारण तो आवाज म्हणजे घर जागं झालंय, कोणीतरी उठलंय, आपण अजून तासभर पडायला हरकत नाही. आणि सव्वीस दिवसांत तो आला नव्हता आणि झोप का लागत नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग एकेक बाकीचं यायला लागलं, हातात वही नसताना हिशेब जुळावा तसं. फ्लोटवर पांढरे क्षार धरायचे. त्यांनी ते पाच वेळा खरवडले होते. टाकीत ते स्वतः बाटलीतलं शुद्ध पाणी आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट घालत, मग बोअरच्या पाण्यासारखे क्षार आले कुठून? वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'क्षार. कुठून?' आणि पान उलटलं होतं. हिरवं कूलंट फिकट होत होत पार पाण्यासारखं झालं होतं. तिथं लिहिलं होतं, 'जुनं झालं.' शेडच्या कठड्यावर स्टीलचा तांब्या असायचा. एकदा तो पायात आला म्हणून ते ओरडले होते, "हा तांब्या इथं कोण आणून ठेवतं?" बाई आल्या, तांब्या उचलला आणि आत गेल्या. नळीसारख्या अरुंद तोंडात अंधारात तांब्यानं पाणी ओतायचं, ते सांडलं तर पुसायचं, बॉनेट हळू टेकवायचं. गुडघे दुखत असताना. ज्या माणसानं चारचौघांत आपलं हसं केलं, त्याची गाडी चढावर बंद पडू नये म्हणून. की त्याचं म्हणणं खरं ठरावं म्हणून? सरांना दोन्ही कारणं सारखीच सोसवेनात. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की रस्त्यावरून एक टेम्पो गेला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

त्यांनी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"काय झालं?" उज्ज्वलाबाईंचा आवाज घाबरा होता. "बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. बोरीला चाललो होतो. गाडी थांबली."

"तापली?" त्यांनी लगेच विचारलं.

"टाकीत पाणी नव्हतं."

मागे पोरीचा कसलातरी खुळखुळा वाजत होता. "मग घातलंत का?"

"घातलं." सरांनी टाकीकडे बघितलं. "तू घालत होतीस?"

"हो."

"दोन वर्षं?"

"तुमी गाडी काढली असंल त्याच्या दुसऱ्या दिवशी. रोज कुठं?"

"अगं, मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं होतं की एकदा," त्या म्हणाल्या. रागानं नाही. पोळी करपली, दुसरी टाकते, असं सांगावं तसं.

सर दगडावर टेकले. बोलायला काही हवं म्हणून बोलले, "चूक माझी आहे." हे वाक्य ते लग्नाच्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बोलत होते, आणि ते किती लहान निघालं याचंच त्यांना नवल वाटलं. बाईंनी ते ऐकलं असावं, पण उचललं नाही. त्या म्हणाल्या, "आता तुमी घालत जा. सकाळी, गार असताना. तोंडापोतर भरायचं नाही, रेघेच्या बोटभर खालीच ठेवायचं. अन् बोअरचं घालू नका. मी आधी तेच घालत होते, त्याला खार धरतो. मग फिल्टरचं घालायला लागले." सर कान देऊन ऐकत होते. इतकं नीट, पायरीपायरीनं, त्यांनीही कधी शिकवलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता ते एका शब्दाची वाट बघत होते. 'मी येईपर्यंत.' मी येईपर्यंत तुमी घाला, असं ती म्हणेल. ती म्हणाली नाही. झाकण किती घट्ट लावायचं तेही सांगून झालं.

"तू ये घरी," सर म्हणाले.

खुळखुळा थांबला होता. बाईंनी पोरीला उचललं असावं, त्यांचा आवाज जवळून, खालच्या पट्टीत आला. "काल हिचं अंग जरा कोमट लागलं मला. आरती म्हणाली, आई, तुझ्या हाताला कळतं, तू बघ. मी म्हटलं, ताप आहे. तिनं मोजायच्या आधी डॉक्टरला फोन लावला. मोजला नंतर." मग त्या म्हणाल्या, "होताच ताप. शंभर."

"आता कशी आहे?"

"आता बरी आहे."

सरांना सांगायचं होतं की तुझ्या हाताला कळतं हे मलाही ठाऊक होतं, की मला पहाटेचा आवाज हवा आहे, की मी पाणी घालीन, रोज घालीन, पण घरात कोणीतरी उठलेलं असायला हवं. खालच्या रानात झुंबरबाई पुन्हा कांद्याच्या ढिगापाशी बसली होती आणि संपत विहिरीकडे चालला होता, बहुतेक वाल बघायला. सरांनी एवढंच विचारलं, "मग कधी येशील?"

"बघू," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बघू. हा शब्द त्यांच्या घरात आजवर एकाच माणसानं वापरला होता. माहेरी चार दिवस जायचं म्हटलं की बघू. शिवणाचा क्लास लावते म्हटलं की बघू, गुडघे दाखवायला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की बघू. त्यातलं एकही नंतर बघितलं गेलं नव्हतं. ऐकणाऱ्यानं तेवढ्यावर समजायचं असतं आणि पुन्हा विचारायचं नसतं, हे बाईंना कधी शिकवावं लागलं नव्हतं. त्या "बरं" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

"बरं," सर म्हणाले, आणि पलीकडून फोन ठेवेपर्यंत थांबले.